तळघरातला दिवा

"आई, संध्याकाळी येणार ना?"

चारुता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. नुकतीच न्हालेली, केसांतून पाणी टपकत होतं. मी देवाची भांडी चिंचेनं घासत बसले होते.

"आज प्रदोष आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर आजचा दिवस धरला. चांगलं काम प्रदोषकाळी करावं, तुम्हीच म्हणता."

"चांगलं काम," मी म्हटलं आणि तांब्याला पुन्हा चिंच लावली.

आमच्या घरात तेव्हा कोणीच फार बोलत नसे. मी मुळातच हळू बोलणारी, आणि ती माझ्यापुढे शब्द तोलून टाकणारी. मग ती म्हणाली, "उद्या पहिली टाकी काढायची आहे. तुमचा दिवा लागल्याशिवाय मी तोटी उघडणार नाही. मग रस टाकीत कुजला तरी चालेल."

ती गेली. उंबऱ्याबाहेर तिच्या केसांतल्या पाण्याचं लहानसं थारोळं राहिलं.

हंगामात ती दिवसातून तीनदा न्हायची. सकाळी वायनरीत जाण्याआधी, दुपारी जेवायला येताना आणि संध्याकाळी. तरी नखांच्या कडेनं जांभळा रंग राहायचाच, आणि अंगाला एक वास. वाईट नव्हे तो. पिकलेली जांभळं आणि फुगलेली कणीक एकत्र ठेवली तर येईल तसा. पण मी त्या चार महिन्यांत माझी शेगडी वेगळी मांडायची, ताट वेगळं घ्यायची, पाण्याची घागरही वेगळी. ती शिजवायची स्वतःसाठी आणि माझ्या मुलासाठी, निवृत्तीसाठी. एका घरात दोन चुली.

याला कारण होतं. माझा पाठचा भाऊ पांडुरंग हातभट्टीपायी गेला. लग्नाला आलेला पोरगा, रस्त्याकडेच्या चारीत सापडला. त्याच्या तेराव्याला मी महादेवापुढे हात जोडून नेम धरला होता. दारूचा थेंब चाखणार नाही, ज्या हातांनी ती हाताळली त्या हातचं अन्न घेणार नाही आणि ती ज्या छपराखाली असेल तिथं पाऊल टाकणार नाही. रोजची पोथी, सोमवार, प्रदोष हे सगळं त्याच्या आधीपासूनचं. पण हा नेम माझ्या हाडात गेलेला.

आणि अशा बाईच्या घरी वाइन आली.

आमचं गाव कादवेच्या काठी, दिंडोरी तालुक्यात. निवृत्तीच्या वडिलांनी आयुष्यभर खायची द्राक्षं पिकवली. ते गेल्यावर निवृत्तीनं अर्ध्या बागेत वाइनची द्राक्षं लावली. बारीक, काळी, बियांनी भरलेली. खाल्ली तर तोंड आवळून यावं. मोठ्या कंपनीशी करार होता. एका वर्षी कंपनीनं सांगितलं, आमच्या टाक्या भरल्या आहेत, माल नको. भरलेल्या गाड्या दारातून परत आल्या. राहिलेले घड वेलीवरच मनुके होऊन गळाले. त्या दिवशी निवृत्ती बांधावर बसून म्हणाला होता, "पुढच्या वर्षी आपली आपणच गाळू."

चारुता त्याच कंपनीत वाइन बनवायच्या कामावर होती. माहेर साताऱ्याकडचं, अन्नाचं शास्त्र शिकलेली. दोघांची ओळख तिथलीच; वाइनचं सगळं तो तिच्याकडून शिकला, म्हणून तिला मास्तरीण म्हणायचा. लग्न झालं, आणि वर्षभरात आमच्या घरामागे छोटीशी वायनरी उभी राहिली. गारवा राहावा म्हणून अर्धी जमिनीत गाडलेली. गावात सगळे तिला तळघरच म्हणायचे.

आदल्या दिवशी दुपारी निवृत्ती माझ्यापाशी येऊन बसला होता. ताक प्यायला, मिशी पुसली आणि म्हणाला, "हंगाम झाला की आम्ही नाशिकला राहायला जाऊ. गंगापूर रोडला जागा बघितलीय. काम इथंच राहील, येऊन जाऊन करू."

"का?"

"का म्हणून काय विचारतेस, आई? ती या घरात पाहुणीसारखी वावरते. तू तिला बोलत नाहीस, रागावत नाहीस, काहीच नाही. नुसती बाजूला ठेवतेस. भांडली असतीस तर बरं झालं असतं."

मी ताकाचं भांडं उचललं. तो उठता उठता म्हणाला, "उद्या ती तुला दिव्याला बोलावणार आहे. आलीस तर बघू. नाही आलीस तर मला पुन्हा विचारू नकोस."

एकुलता एक मुलगा. त्याच्या मागे या घरात मी, देवघर आणि दोन चुलींपैकी एक, एवढंच उरलं असतं.

दुपारी पोथी वाचून झाल्यावर मी तशीच देवापुढे बसून राहिले. नेम देवापुढे धरलेला, तर मोडायचा की नाही हे त्यानंच सांगावं. मी उठले आणि मागच्या अंगणात जाऊन चारुताला गाठलं. ती रांगोळीचा डबा घेऊन तळघराच्या पायऱ्यांवर उभी होती.

"मी येईन," मी म्हटलं. "पण देवापुढचंच निरांजन घेऊन येईन. तिथं नेऊन ठेवीन. तेवलं, तर देवाची मर्जी आहे असं समजेन आणि मग माझं काही म्हणणं नाही. नाही तेवलं, तर मात्र मला पुन्हा आग्रह करायचा नाही."

तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. मग लगेच काळजी दिसली. "तेवेल, आई. का नाही तेवणार?" मग हसून म्हणाली, "आणि तसंही आज ती अजून पुरती वाइन नाही. रस राहिलेला नाही आणि वाइन झालेली नाही. अर्धीच आहे."

"अर्धा नेम मोडतो का गं?"

ती मोठ्यानं हसली. त्या घरात मी तिचं तसं हसणं पहिल्यांदाच ऐकलं असेन.

तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली, "मंदे! अगं मंदे! आहेस का गेली?"

भागूआक्का. माझी थोरली नणंद. दिलेल्या शेजारच्याच गावात, त्यामुळे आमच्या घरातलं काहीही त्यांच्यापासून लपत नसे. निवृत्तीनं त्यांना पूजेचं सांगितलं होतं आणि त्या वेळेच्या बऱ्याच आधी आल्या होत्या. पातळाचा ओचा सावरत ओट्यावर बसल्या आणि सुरू झाल्या.

"काय ऐकू राह्यले मी? तू त्या दारूच्या खोलीत चालली?"

"दिवा लावायला, आक्का."

"दिवा लावायला! उद्या गुत्त्यात समई लाव. माझा भाऊ असता ना, तर…"

"ते असते तर त्यांनीच दिवा लावला असता," मी हळूच म्हटलं.

"तेही खरंय म्हणा. त्याला पोराचं काही वाईट दिसायचंच नाही." त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली. "अगं, परवा आमच्या गावाजवळच्या त्या मोठ्या वायनरीत गेले होते, लोणच्याच्या कैऱ्या द्यायच्या होत्या. मुंबईची माणसं आलेली गाड्या घेऊन. पेल्यात घोटभर घ्यायचं, गरगरा फिरवायचं आणि नाक खुपसून बसायचं. मी म्हटलं, अरे मेल्यांनो, प्यायचं तर प्या. काढा दिल्यागत हुंगत काय बसलात! आणि एका कढईत पोरी द्राक्षं तुडवू राह्यल्या. तिकीट काढून! आपण फळाला पाय लागला तर नमस्कार करतो."

"आमच्याकडे कोणी तुडवत नाही, आक्का," चारुता आत येता येता म्हणाली. तिनं आता धुतलेली इरकली साडी नेसली होती. कपाळावर मोठं कुंकू.

"तू गप गं. तू तर साडी नेसून कारखानदारीण दिसू राह्यली." आक्कांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरी दिसते पण."

मला तयार व्हायला वेळच लागला. आंघोळ, मग सांजपूजा, मग अभिषेक. आक्का मध्येच उठून बेलाची पानं निवडायला बसल्या आणि प्रत्येक पानामागे एक गोष्ट सांगू लागल्या. चारुता दोनदा दाराशी येऊन गेली. "आई, झालं का?" तिच्या आवाजात घाई होती. मला वाटलं, मुहूर्ताची असेल.

दिवस बुडायला आला तेव्हा मी निरांजन उचललं. तुपात भिजवलेली फुलवात, ज्योत सरळ. एका हातात ताट, दुसऱ्या हातानं पदराचा आडोसा. मागे आक्का, त्यांच्यामागे चारुता. निवृत्ती तळघराच्या दारात उभा होता. नवा सदरा घातलेला. त्यानं दार उघडलं.

मी उंबऱ्यावर थांबले. आयुष्यात जिथं पाऊल टाकायचं नाही ठरवलं होतं, तिथं पाऊल टाकताना देवाचं नाव घेतलं.

आत गार होतं. आणि शांत. एवढं शांत की टाक्यांमधली बारीक फसफस ऐकू येत होती, भाताला आधण येताना येते तशी. चार-पाच पायऱ्या उतरून खाली फरशी, दोन्ही बाजूंना उघड्या तोंडाच्या टाक्या. आत काळ्या सालींचा जाड थर वर आलेला. चारुता तो दिवसातून कितीदा तरी लाकडी दांड्यानं खाली दाबायची, तरी तो पुन्हा वर यायचा. पहिल्या टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ. खाली फरशीवर तिनं इतकी सुरेख रांगोळी घातली होती की मला पाय कुठं ठेवावा कळेना. एक कणही इकडचा तिकडे झाला नव्हता.

"छान काढलीस गं," मी म्हटलं. तिला मी असं काही म्हणायची माझी पहिलीच वेळ.

"ठेवा, आई. मधल्या कमळात ठेवा."

मी वाकले. निरांजन रांगोळीच्या कमळात टेकवलं. ज्योत लहान झाली, वातीवरून जणू उचलली गेली आणि विझली. ज्योत जराही फडफडली नाही, वारा असा नव्हताच.

धुराची एक बारीक रेघ वर आली.

मग आक्का म्हणाल्या, "अगंबाई."

"तूप कमी झालं असेल," निवृत्ती म्हणाला.

"काठोकाठ आहे," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"थांबा, आहे काडेपेटी." चारुता माझ्याशेजारी खाली बसली. तिनं काडी ओढली. फर्रकन पेटली, आणि वातीपर्यंत नेईनेईतो विझली. दुसरी काडी. तीही. तिसरी.

"काड्या सर्दल्या असतील," निवृत्ती म्हणाला.

"काड्या नाही सर्दल्या." आक्कांनी कपाळाला हात लावला. "मंदे, त्याला मान्य नाही. देव सांगू राह्यला तोंडावर. चल वर. माझं डोकंही कसं भणभण करू राह्यलं. ही जागा चांगली नाही."

माझं डोकं मलाही जड वाटत होतं. धाप लागल्यासारखं झालं होतं. मला वाटलं, उपासाचं असेल. आणि वाटलं, हे उत्तर आहे. माझ्या भावाच्या तेराव्याला ज्याच्यापुढे मी बोलले, त्यानं इतक्या वर्षांनी उत्तर दिलं. मी शब्द दिला होता. आता मला काही म्हणता येणार नव्हतं. तेवला नाही, तर आग्रह करायचा नाही, हे माझेच शब्द.

निवृत्ती हसला. चांगलं हसणं नव्हे ते. "झालं ना समाधान? दिव्यानं निकाल दिला. आता नाशिकला निघायचं म्हणजे कोणाला कोणाशी भांडायचं कारण नाही. तुमचं काय ते चालू द्या. मी मागच्या खड्ड्यातला पंप बघून येतो, उद्याचं काम आहे मला."

"निवृत्ती," मी म्हटलं.

"काय निवृत्ती? दिव्याला विचार."

तो टाक्यांमागे गेला. तळघराच्या टोकाला फरशीपेक्षाही खोल एक खड्डा होता, माणसाच्या उंचीच्या दीडपट. रस खेचायचा पंप तिथं बसवलेला, आणि उतरायला लोखंडी शिडी.

चारुता अजून खालीच बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. तिनं निरांजन हातात घेतलं, उठली आणि उभ्यानं काडी ओढली. काडी पेटली. वात पेटली. तिच्या छातीशी ज्योत उभी राहिली, पिवळी, स्थिर.

"बघा, आई," ती रडत हसत म्हणाली, "लागला. बघा ना, लागला."

ती जपून, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून वाकू लागली. गुडघ्याच्या थोडी वर आली असेल, ज्योत पुन्हा तशीच लहान झाली आणि गेली.

ती तशीच वाकलेली थांबली. मग सरळ उभी राहिली, पुन्हा काडी ओढली, पुन्हा वात लावली. आणि आता ओंजळ न करता, एका हातानं, हळूहळू खाली नेऊ लागली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ती आता रडत नव्हती. गुडघ्याच्या वर, त्याच जागी, ज्योत मेली.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"निव कुठंय?" ती म्हणाली.

"खड्ड्याकडे गेला ना."

"निव!" ती ओरडली. "खाली उतरू नकोस! निव, वर ये!"

"काय आता? पुन्हा दिवा?" टाक्यांमागून त्याचा आवाज आला. शिडी वाजली. तो उतरत होता.

माझ्या घरच्यांनी मला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. मुलगा लहान असतानाही मी त्याला कधी हाक मारून बोलावलं नाही, जवळ जाऊन हात धरून आणायची. मला काय कळलं होतं ते मला आजही सांगता येत नाही. गॅस, हवा, काही मला माहीत नव्हतं. मी फक्त चारुताचा चेहरा पाहिला होता.

"निवृत्ती! वर!" मी ओरडले. सगळं तळघर घुमलं.

शिडीचा आवाज थांबला.

आम्ही दोघी पळालो. तो शिडीच्या मधल्या पायरीवर होता, मान बाहेर, दोन्ही हात कडेला टेकलेले. माझ्याकडे बघत होता, पण बघत नव्हता. "आई, पाय…" असं काहीतरी म्हणाला आणि त्याची बोटं सुटायला लागली.

"श्वास धरा, आई. वाकू नका, फक्त ओढा," चारुता म्हणाली. तिनं त्याचा एक दंड धरला. माझ्या हाती नव्या सदऱ्याची कॉलर आली. तीच धरून ओढलं. सदरा पाठीवर फाटला. तो कडेवर पोटावर पडला, मग आम्ही त्याला बगलेत हात घालून उभं केलं.

"आक्का!" चारुता ओरडली. "दाराबाहेरचं बटण! मोठं!"

आक्का कधीच पायऱ्या चढून दारात पोचल्या होत्या. "मला बटणातलं काय कळतं गं बाई!"

"सगळी दाबा!"

आक्कांनी सगळी दाबली. तळघरातले दिवे गेले. अंगणातला मोठा दिवा लागला. विहिरीवरची मोटर सुरू झाली. मग, एकदम, भिंतीतला मोठा पंखा घरघरला आणि अंधारात माझ्या पायांवरून वारा वाहू लागला.

आम्ही त्याला पायऱ्यांवरून वर ओढत आणलं. अंगणात नेऊन चिंचेखाली बसवलं. तो ओकला. मग त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं आणि मोठे मोठे श्वास घेत राहिला. चारुता त्याच्यासमोर मातीत बसली होती, इरकलीसकट, आणि दर थोड्या वेळानं विचारत होती, "मी कोण? सांग, मी कोण?"

"माझी मास्तरीण," तो शेवटी म्हणाला.

तेव्हा तिनं श्वास सोडला. मीही.

आक्कांनी मोटर बंद करायला बटणं दाबली, त्यात पंखा गेला, चारुतानं उठून पुन्हा लावला. मग चौघं तिथंच मातीत बसून राहिलो. बागेकडून गार वारा येत होता. इतका साधा वारा मला आयुष्यात कधी इतका गोड लागला नव्हता.

"पण होतं काय ते?" आक्कांनी विचारलं. "भूत म्हणावं तर दिसलं नाही."

"द्राक्षं आंबताना वायू सुटतो," चारुता म्हणाली. "दिसत नाही, वासही कळत नाही. हवेपेक्षा जड असतो, म्हणून पाण्यासारखा खाली साचत जातो. त्यात दिवा जळत नाही आणि माणूस जगत नाही. खड्डा तर काठोकाठ भरलेला असणार."

"अगं, म्हणजे पेवाचं झालं की हे!" आक्का म्हणाल्या. "आमच्या लहानपणी धान्याच्या पेवात उतरला की मेला, उतरला की मेला. आधी कंदील सोडायचे आत." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्या ताठ बसल्या. "पण मी म्हटलं होतं ना? देवाला मान्य नाही म्हटलं होतं!"

"म्हटलं होतं, आक्का," मी म्हटलं. "याचं मरण मान्य नव्हतं."

आक्कांनी सरकून निवृत्तीच्या पाठीवरून हात फिरवला.

निवृत्तीनं डोकं वर केलं. "पण पंखा? तो तर हंगामभर अहोरात्र चालू असतो. लाइट तर होती. मग बंद कसा?"

तळघरातून पंख्याची घरघर येत होती.

"मी केला," चारुता म्हणाली.

"तू?"

"दुपारी. आईंनी दिव्याचं सांगितलं त्यानंतर. पंखा चालू असला की आत वारं सुटतं. रांगोळी उडत होती. आणि निरांजन…" ती थांबली. "निरांजन वाऱ्यानं विझलं असतं."

"अगं, पण तुला माहीत नाही का? कामाला येणाऱ्या प्रत्येक माणसाला पहिलं तूच सांगतेस, पंख्याला हात लावायचा नाही!"

"माहीत आहे, निव. मला वाटलं, थोडाच वेळ. लगेच येतील, दिवा ठेवतील, मग मी पंखा लावीन. मग पूजेला उशीर झाला. दोनदा येऊन बघून गेले. आणि मग तुम्ही सगळे निघालातच. मला एवढंच दिसत होतं की दिवा विझायला नको. विझला तर आई परत कधी…" तिचं बोलणं तिथंच राहिलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

निवृत्ती रागानं काहीतरी बोलायला गेला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तिला काही बोलायचं नाही," मी म्हटलं.

मी तिच्याकडे बघत होते. एवढी शिकलेली, एवढी हुशार मुलगी. कंपनीत तिच्या शब्दावर मोठमोठ्या टाक्या चालायच्या. आणि माझ्या एका वातीपुढे ती स्वतःचं सगळं शास्त्र विसरली. मी तिच्याशी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. तरी ती मला एवढी भ्यायली होती.

अशा वेळी बोलायचे शब्द मला कधी आलेच नाहीत. वर आकाशात पहिली चांदणी उगवली होती. प्रदोषाचा उपास सोडायची वेळ टळत होती.

"उद्यापासून पंखा चालू ठेवूनच दिवा लावत जाऊ," मी म्हटलं. "विझला तर विझला. तेवढ्यानं देव रुसत नाही."

तिनं हात खाली घेतले.

"आणि मला भूक लागलीय, चारू. उपास सोडायचाय. काहीतरी कर लवकर."

तिला आधी कळलं नाही. "तुमची शेगडी पेटवून देऊ का?"

"माझी कशाला? तुझ्याच चुलीवर कर. सगळ्यांचं एकत्र."

"माझ्या हातचं?" तिनं विचारलं. निवृत्तीनं माझ्याकडे पाहिलं. आक्कांचं तर तोंडच उघडं राहिलं.

"मग काय आक्कांच्या हातचं? त्या सगळी बटणं दाबतात."

चारुता धडपडत उठली. साडीला माती, हातांना लोखंडाचा गंज, नखांना तो जांभळा रंग. "आंघोळ करून येते, आई. लगेच येते. दोन मिनिटांत."

"नको."

"पण हात… आणि तुमचा नेम?"

"याच हातांनी त्याला वर ओढलंस ना?" मी म्हटलं. "नेमाचं मी बघते. तू भात लाव."

त्या छपराखालचा थेंब मी आजवर चाखलेला नाही, आणि चाखणारही नाही. पांडुरंगासाठी धरलेल्या नेमातलं तेवढं तसंच आहे. बाकीचं मी महादेवाला त्याच रात्री समजावून सांगितलं, आणि त्याचं त्यावर काही म्हणणं पडलं नाही.

स्वयंपाकघरात चौघांची पानं एका ओळीत मांडली. भात, तुरीची आमटी, घाईघाईत परतलेला कोबी. निवृत्तीनं पहिला घास उचलला आणि थांबला. "आई, ते नाशिकच्या जागेचं…"

"आधी जेव," मी म्हटलं.

तो जेवू लागला. चारुता वाढत होती. तिच्या हातून माझ्या पानात आमटी जरा जास्तच पडली. मी भात कालवला, देवाचं नाव घेतलं आणि घास तोंडात टाकला. आमटीत मीठ घालायचं ती विसरली होती. आक्कांनीही घास घेतला, भुवया वर गेल्या, आणि तोंड उघडलं.

मी मिठाची वाटी त्यांच्या पानाकडे सरकवली आणि चारुताला म्हटलं, "अजून वाढ गं. छान झालीय."